अॅडॉप्टर हातात धरून शिमग्याला

मी तापट आहे हे आमच्या चिपळुणात सगळ्यांना माहीत आहे. माझं झेरॉक्सचं दुकान आहे, आणि मशीन अडकलं की गिऱ्हाईकच आधी दोन पावलं मागे सरकतं. तरीही ह्या शिमग्याला मुंबईत जे घडलं ते वाचून तुम्हीच म्हणाल, सुमन, तू फार सोसलंस.

निघाले तेव्हा उन्हं अजून अंगणात आली नव्हती. माझी गाडी विजेची आहे. तिचं चार्जिंगचं तोंड तिच्या कंपनीनं आपलं आपलं वेगळं बनवलंय, त्यामुळे दुसऱ्या कुठल्या कंपनीच्या फास्ट चार्जरची पिन तिला बसत नाही. मुंबईत आमच्या कंपनीचा चार्जर एकच, तोही पार बोरिवलीच्या पुढे, आणि तो महिनाभर बंद पडलेला. यंदा कंपनीनं जाहीर केलं की हा अॅडॉप्टर घ्या, मध्ये लावा, आता शहरातला प्रत्येक फास्ट चार्जर तुमचाच. जाहिरातीत एक बाई हसत हसत पिन लावते आणि कॉफी प्यायला जाते. मी अॅडॉप्टर मागवला. सोललेल्या नारळाएवढा काळा गोळा, दोन्ही बाजूंना भोकं. त्याच्या भरवशावर भिंतीच्या प्लगला लावायची जाड वायर मी घरीच ठेवली, कारण येताना डिकीत मामाची चाकाची खुर्ची बसवायची होती.

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ, शांताराम. उभा जन्म गिरणीत गेला, राहतो घोडपदेवला चाळीत. गावचं घर कुलूपबंद. आमच्या गावात शिमग्याला देवीची पालखी घरोघरी येते, पण वाडीत ती खाली बसते एकाच अंगणात, आणि ते अंगण मामाचं. ह्याला मान म्हणतात (पालखी आपल्या दारात बसवून घेण्याचा पिढीजात हक्क). गावाचा नियमही तितकाच जुना आहे. तीन शिमगे ओळीनं दार बंद राहिलं, की मान पुढच्या घराकडे जातो. कंबरेच्या दुखण्यानं मामाचे दोन शिमगे चुकले होते. हा तिसरा. आणि पुढचं घर कोणाचं, तर चुलतभाऊ गोविंदचं, ज्याच्याशी मामा तीस वर्षं बोललेला नाही. बांधावरच्या एका फणसावरून.

मामाच्या मुलाला सुट्टी मिळाली नाही. शिमग्याच्या गाड्यांत धडधाकट माणसाला उभं राहायला जागा नसते, तिथं मामाला कोण बसवणार? म्हणून मी निघाले. पालखी दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मामाच्या दारात येणार होती.

माणगावजवळ आमच्या कंपनीचा स्वतःचा चार्जर आहे, तिथं काही अडलं नाही. शिवडीच्या समुद्रावरच्या पुलानं मुंबईत शिरले तेव्हा खाडीत ओहोटी होती आणि चिखलात रोहित पक्षी उभे होते. गाडीत तीसेक टक्के चार्ज उरला होता. म्हटलं, आता काय, अॅडॉप्टर आहे.

मुक्काम गिरगावात, नणंदेकडे. वरती जाऊन वन्संच्या हातचा चहा घ्यायच्या आधी चार्जिंग लावून टाकावं म्हणून मी शेजारच्या टॉवरच्या तळघरात गेले. वन्संच्या सासरची जुनी चाळ होती तिथंच आता हा टॉवर आहे. खाली हिरव्या कंपनीचे चार फास्ट चार्जर, चारही रिकामे. मी त्यांचं अॅप उतरवलं, नाव दिलं, नंबर दिला, गाडीचा फोटो दिला. अॅडॉप्टर गाडीला लावला, त्यात पिन बसवली. कडक आवाज आला. मग पडद्यावर अक्षरं आली: वाहन ओळखता आले नाही.

पिन काढली, परत लावली. चारही मशिनांवर तेच. मी हिरव्या कंपनीला फोन लावला. मुलगी फार गोड बोलत होती.

"मॅडम, आमच्या बाजूनं सगळं ओके दिसतंय. तुम्ही तुमच्या गाडीच्या कंपनीशी बोला."

गाडीच्या कंपनीला लावला. तिथला मुलगा तितकाच गोड.

"मॅडम, आमच्या बाजूनं सगळं ओके आहे. तुम्ही चार्जरच्या कंपनीशी बोला."

"दोन्ही बाजू ओके आहेत," मी म्हटलं, "मग मी मध्ये कशाला उभी आहे? मला पण ओके करा की."

त्यानं मला होल्डवर ठेवलं. सनई वाजत होती. मी तळघरात उभी राहून कुणाच्या तरी लग्नाची सनई ऐकत होते आणि डोक्यात नुसता जाळ झाला होता.

वन्संनी सगळं ऐकून घेतलं आणि पानात बोंबील वाढले. "अगं, चार मशिनं रिकामी असून लावू देत नाहीत?" त्या म्हणाल्या. "आमच्या चाळीत नळाला पाणी नसायचं तेव्हा वरच्या मजल्यावरची माझ्याशी भांडलेली बाईसुद्धा बादली भरू द्यायची." मी म्हटलं, वन्सं, तुम्ही त्या कंपनीत कामाला लागा. त्या हसल्या, पण मला काही हसू आलं नाही.

सकाळी घोडपदेवला गेले. मामा अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट आणि काळी टोपी घालून गॅलरीत खुर्चीवर बसला होता. गावच्या घराची चावी रुमालाच्या टोकाला बांधून रुमाल मुठीत. मजल्यावरच्या चौघांनी खुर्चीसकट त्याला खाली आणलं. बायकांनी पालखीला द्यायला आपापल्या घरचा एकेक नारळ दिला, पिशवी भरली. एक म्हातारी वरून ओरडली, "शांताराम, माझं नाव घे हां देवीपुढं. लेकाच्या नोकरीचं सांग."

"सांगतो गो," मामा म्हणाला.

गाडीत बसल्यावर त्यानं तो काळा गोळा मांडीवर घेतला, उलटासुलटा करून बघितला. "ह्याचं काम काय?"

मी सांगितलं. कालचंही सांगितलं.

"म्हणजे बदलीवाला हाय हा," मामा म्हणाला. बदलीवाला म्हणजे गिरणीतला कायम नसलेला कामगार, कोणी गैरहजर राहिला तर त्याच्या जागी एका दिवसापुरता घेतलेला. मामानं सात वर्षं बदलीत काढली होती. "रोज भोंग्याच्या आधी गेटवर जाऊन उभं रहायचं. अंगात काम असतं, हात असतात, आत माग पण रिकामा असतो. पर मुकादमानं मान हलवली तर आत. नाय तर घरी."

"आणि घरी गेल्यावर?"

"घरी मामी विचारायची, आज का नाय घेतला? काय सांगणार? मुकादमाला पण माहीत नसायचं."

मी लोअर परळला गाडी वळवली. तिथल्या मॉलमध्ये निळ्या कंपनीचे चार्जर होते. तो मॉल मामाच्याच गिरणीच्या जागेवर आहे. मला वाटलं होतं मामा काहीतरी हळवं बोलेल. त्यानं फक्त चिमणीकडे बोट दाखवलं, जी शोभेला ठेवली आहे आणि जिच्यावर रात्री रंगीत दिवे लागतात, आणि म्हणाला, "ती साफ करायला पण बदलीवालेच चढवायचे."

निळ्या कंपनीचं अॅप, परत नाव, परत नंबर, परत गाडीचा फोटो. पिन उचलणार एवढ्यात निळा टीशर्ट घातलेला एक इसम धावत आला आणि भिंतीवरच्या पाटीकडे हात केला. इतर कंपनीचे अॅडॉप्टर वापरण्यास मनाई आहे.

"पण तुमच्याच कंपनीनं आमच्या कंपनीशी करार केलाय," मी म्हटलं. फोनवर जाहिरात दाखवली. हसरी बाई, कॉफी.

"मॅडम, ते मेल आम्हाला आलं नाही अजून. पॉलिसी आहे."

"कुणाची पॉलिसी?"

"वरून आलीय."

"मशीन रिकामं आहे. मी पैसे देतेय. वीज तीच आहे. हा माझा मामा आज संध्याकाळी गावात पोचला नाही तर ह्याच्या घराचा मान जाणार आहे. तुमच्या वरच्याला हे फोन करून सांगा."

त्यानं फोन केला, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. पलीकडचा माणूस मीटिंगमध्ये होता. तो बिचारा माझ्याकडे बघेना. मी त्याला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मामानं खिडकीतून हाक मारली, "बाय, चल. मुकादमाशी भांडून कोण आत गेलाय?"

मला मामाचाही राग आला. एवढं थंड कसं राहता येतं माणसाला? स्टेअरिंगवर हात आपटला तर हॉर्न वाजला आणि पुढचा टॅक्सीवाला खाली उतरून भांडायला आला. त्याच्याशी भांडताना मला जरा बरं वाटलं. भांडण मिटल्यावर त्यालाच विचारलं, चिपळूणच्या पुढे येतोस का? त्यानं दोन्ही हात जोडले. "शिमग्याला कोकणात? मावशी, परत कधी येणार मी?"

लालबागला मामानं गाडी थांबवायला लावली. चिवडा हवा होता. पालखीच्या भोयांना (पालखी खांद्यावर वाहणाऱ्यांना) मामाच्या घरी दरवर्षी लालबागचा चिवडा आणि चहा असतो म्हणे. चार्ज उतरत होता, ऊन चढत होतं आणि हा दुकानदाराला सांगतोय, मक्याचा नको, पातळ पोह्यांचा दे, खोबरं जास्त टाक. मी गाडीत बसून दात ओठ खात होते. मग त्यानं मूठभर चिवडा माझ्या हातावर ठेवला. खमंग होता, आणि मला भूक लागली होती, हे मी रागाच्या भरात विसरलेच होते.

दादरला एका पेट्रोल पंपाच्या कडेला केशरी कंपनीचा एकुलता एक चार्जर आहे. हा शेवटचा आसरा. परत अॅप, परत फोटो. पाटी नव्हती, टीशर्टवाला नव्हता. अॅडॉप्टर लावला, पिन लावली, आणि मशीन चक्क गुरगुरलं. पडद्यावर आकडे पळायला लागले. मी मामाचे दोन्ही हात धरले. समोरच्या उपाहारगृहातून त्याच्यासाठी कोथिंबीरवडी आणि मला पियुष घेऊन आले.

परत आले तर मशीन गप्प. माझी पाठ वळताच दोन मिनिटांत बंद पडलं होतं. परत लावलं. चालू झालं, बंद पडलं. परत. परत बंद. आता मात्र माझा तोल गेला. सगळ्या कंपन्यांच्या नावानं शंख करत मी ती पिन दोन्ही हातांनी धरली आणि उपटून फेकायची म्हणून जोर लावून वर उचलली.

मशीन गुरगुरलं. आकडे पळायला लागले.

हात खाली केले, बंद. वर उचलले, चालू. त्या काळ्या गोळ्यामुळे पिन लांब झाली होती आणि तिची जाड केबल वजनानं खाली ओढत होती, त्यामुळे आत कुठेतरी जोड सुटत होता. म्हणजे वीज हवी तर ते वजन हातांनी तोलून धरायचं. जाहिरातीतली बाई कॉफी कशी पीत होती देव जाणे.

मी धरून उभी राहिले. दंड भरून आले. आता मला रडू येत होतं आणि ते रागाचंच होतं. मागे एक विजेची टॅक्सी येऊन थांबली होती. चालवणारी उतरून आली. चाळिशीची, केस घट्ट बांधलेले. तिला चार्जर हवा होता, आणि मी मनातल्या मनात पुढच्या भांडणाची तयारी केली.

"ताई, हे असं किती वेळ धरणार?" तिनं विचारलं.

मी तिला सगळं सांगितलं, गिरगावपासून. सांगताना आवाज चढत गेला. तिनं मामाकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. "सरका," ती म्हणाली आणि माझ्या हातातून पिन घेतली. तिचं नाव करुणा. नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलेली. चाळ पाडायला घेतली म्हणून आता संक्रमण शिबिरात राहते. "माझं भाडं दुपारनंतरचं आहे. तोवर धरू आळीपाळीनं."

मग पंपावरचे दोघे आले. एक देवरूखचा, एक खेडचा. शिमग्याला सुट्टी न मिळालेले. पालखीचं कळल्यावर ते हातातलं काम टाकून पिनेपाशी उभे राहिले. आणि मामानं टोपी सारखी केली, खिडकीतूनच हात जोडले आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली (गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे सगळ्यांसमोर मोठ्यानं मांडलेली मागणी. जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला होकार द्यायचा असतो).

"बा देवी म्हाराजा, आज तुझ्या लेकरांनी पंपावरून तुला हाक मारली हाय."

"व्हय म्हाराजा," देवरूख आणि खेड एकदम म्हणाले.

"ह्या यंत्राच्या पोटातली वीज कुणी आपल्यापुरती बांधून घातली आसंल..."

"व्हय म्हाराजा."

"तर त्याची गाठ सोडव, त्याच्या डोक्यात उजेड पाड, आनि माझ्या भाचीला जरा थंड कर."

"व्हय म्हाराजा," ते दोघे जास्तच जोरात म्हणाले.

मी नाही म्हटलं. मी देवीवरही चिडले होते. करुणाही गप्प होती. मामानं तिच्याकडे बघितलं तेव्हा ती सरळ म्हणाली, "मामा, राग मानू नका. आम्ही बाबासाहेबांचे, आमच्यात गाऱ्हाणं-नवस चालत नाही."

"मग काय चालतं?"

"हात चालतात," ती म्हणाली आणि पिन आणखी थोडी वर उचलली. मामाला ते फार आवडलं. त्यानं तिला लालबागचा चिवडा दिला, भोयांच्या पुड्यातला.

माणगाव गाठण्यापुरता चार्ज झाला तेव्हा सूर्य डोक्यावरून कलला होता. अॅडॉप्टर तापला होता, तो मी फडक्यानं काढला. करुणाला मिठी मारली. शिवडीच्या पुलावरून जाताना फोन वाजला: तुमचा चार्जिंगचा अनुभव कसा होता? पाचपैकी किती तारे द्याल? मी फोन मागच्या सीटवर फेकला.

महामार्गावर अर्धी मुंबई कोकणात निघालेली. पेणला अडकलो, कोलाडला अडकलो. माणगावला आमच्या कंपनीचा चार्जर व्यवस्थित चालू होता, पण आमच्या आधी दोन गाड्या उभ्या. मामा रुमालाची गाठ सोडायचा, चावी बघायचा, परत बांधायचा. मी सकाळपासून त्याच्या थंडपणावर चिडत होते. आता त्याचा हात बघून कळलं की तो थंड नव्हताच कधी.

वाडीत पोचलो तेव्हा अंधार पडला होता. ढोल वाजत होता. मामाचं घर काळोखात, दाराला कुलूप. ढोल पुढच्या अंगणात होता, गोविंदमामाच्या. बत्तीच्या उजेडात पालखी तिथं बसलेली दिसली, गुलालानं माखलेली.

मामा गाडीतच बसून राहिला. "भोंगा झाला गो," तो म्हणाला. गिरणीचा भोंगा झाला की गेट बंद व्हायचं आणि बाहेर राहिलेला बदलीवाला घरी जायचा.

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारा काठी टेकत आमच्याकडे आला. गोविंदमामा. तोही गिरणीतूनच निवृत्त झालेला. त्यानं मामाच्या बाजूचं दार उघडलं आणि तीस वर्षांनी पहिलं वाक्य बोलला.

"किती उशीर रे दादा. गुरव मघापासून थांबलाय."

"आता काय करू येऊन? मान तुला गेला."

"मला काय करायचाय?" गोविंदमामा खेकसला. "गुरवाला सांगितलंय मी. मान शांतारामदादाचा, मी आजच्या दिवसाचा बदलीवाला. म्हणून पालखी हितं बसवलीय. नारळ तुझ्या हातचा राहिलाय. चल."

"आनि गुरव चालेल म्हणाला?"

"त्याला काय? दार उघडं पाहिजे. कुणाचं का असंना."

खुर्ची गोविंदमामानं आणि मी मिळून काढली. घोडपदेवचे नारळ पालखीपुढे मांडले, भोयांना चिवडा वाटला, थोडा कमी पडला. गाऱ्हाण्यात मामानं त्या म्हातारीच्या लेकाच्या नोकरीचं सांगितलं, करुणाला नवं घर लवकर मिळू दे म्हणून सांगितलं. ह्या वेळी मी व्हय म्हाराजा म्हटलं. मग मामानं रुमालाची गाठ सोडली आणि चावी गोविंदमामाच्या हातावर ठेवली. "पुढल्या शिमग्याला मी नाय पोचलो तर दार तू उघड. माझंच उघड."

गोविंदमामानं चावी बघितली, कनवटीला लावली. "उघडतो," तो म्हणाला. "पर फणस माझाच हाय."

दुसऱ्या दिवशी चिपळूणला परतले. गाडी घरच्या जाड वायरला लावली. अॅडॉप्टर दुकानात नेलाय, पंख्यानं कोरे कागद उडू नयेत म्हणून गठ्ठ्यावर ठेवते. गिऱ्हाईक विचारतं, ताई, हे काय आहे? की मी गिरगावपासून सुरू करते आणि त्याची झेरॉक्स राहून जाते.

राग गेला नाही. उलट वाढलाय, कारण त्या अंगणात जे बघितलं ते आता डोक्यातून जात नाही. एका फणसापायी तीस वर्षं तोंड न बघणाऱ्या माणसानं दार उघडून ठेवलं. ह्या कंपन्यांच्या मध्ये तर फणससुद्धा नाही.